सहकर्जदार कांचन

कारेलीबाग, बडोदे
७ जुलै २०२५

चि. कांचन हिस,

अनेक आशीर्वाद. सवयीनं ‘सौ.’ लिहायला हात गेला होता. मग थांबला. असो.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू फोन ठेवतेस. पत्रही ठेवून देता येतं, पण ते मला दिसत नाही.

काल दिवे लावून झोपाळ्यावर बसले होते, तर दारात दोन माणसं. एकाच्या हातात फाईल, दुसऱ्याच्या तोंडात मावा. “कांचनबेन छे?” म्हटलं, नाही. “क्यां गया?” म्हटलं, माहेरी, सांगलीला. मावावाला हसला. म्हणे, “बा, लोनना हप्ता बाकी छे. मकान जशे.” घर जाईल म्हणे! समोरच्या चारुलताबेननी दार किलकिलं करून सगळं ऐकलं. आता सोसायटीत वेगळी दवंडी नको.

मला एक सांग, हे हप्ते कसले? धैर्यशीलला जाऊन सतरा महिने झाले. त्याच्या तेराव्याला अविनाश, त्याच्या ऑफिसातला, माझ्याजवळ बसून म्हणाला होता, “काकू, घराची काळजी करू नका, कर्जाबरोबर विमा उतरवलेला आहे. कर्जदार गेला की बँक त्यातून कर्ज फेडून घेते.” मी त्या भरवशावर गप्प बसले. पोटचा गेला, निदान छप्पर तरी राहिलं, असं रोज मनाला सांगत होते. आणि आता हे वसुलीवाले तुझं नाव घेत येतात. सहकर्जदार कांचन मोहिते. या घरावर तू दुसरं कर्ज काढलंस का? काढलं असशील तर सरळ सांग. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

ह्यांनी रिफायनरीत जन्म घालवला आणि फंडातला पैसा या फ्लॅटच्या पहिल्या रकमेत घातला. मोहित्यांचे पणजे बडोद्याच्या महाराजांच्या फौजेत होते, पण दारात वसुलीवाला कधी आला नाही. मला बाहत्तरावं लागलंय. हे घर गेलं तर मी कुठे जायचं? दोन्ही नणंदा वर गेल्या, तिथे जायची अजून घाई नाही.

तू गेलीस तेव्हाही मी काही बोलले नाही. तुझे भाऊ गाडी घेऊन आले, तू मितालीला घेऊन उतरलीस. मी पोळ्या लाटत होते म्हणून बाहेर आले नाही. पण धैर्यशीलच्या बेसण्याच्या, शोकसभेच्या जाहिरातीतल्या एका नावावरून माणूस घर सोडतं का गं? पेपरात ‘पत्नी कांचन’ छापलं, त्यात काय चुकलं? लग्नात धैर्यशीलनं तांदळात अंगठीनं लिहिलेलं नाव ते. माझंही बदललं होतं. माहेरची कमळ मी, इकडे येऊन सुहासिनी झाले. मला विचारलं होतं का कुणी?

उत्तर पाठव. हप्त्यांचं खरं काय ते लिही.

सुहासिनी विश्वंभर मोहिते


कारेलीबाग, बडोदे
१९ जुलै २०२५

चि. कांचन हिस,

आशीर्वाद. सोबत माझं आधीचं पत्र आहे. ते सांगलीहून परत आलं. पाकिटावर मी ‘कांचन मोहिते, जगताप यांचे घरी’ असं ठसठशीत लिहिलं होतं. पोस्टमननं त्यावर खरडलंय, ‘या नावाचे कोणी राहत नाही.’ माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! तुझ्या वडिलांनीच परत पाठवलं असणार. या वेळी पाकिटावर तुझं माहेरचं नाव घातलंय. ते पोस्टासाठी, हे लक्षात ठेव.

आता जे लिहिते ते नीट वाच. काल बँकेत गेले होते, एकटी, रिक्षा करून. काउंटरवर प्राची नावाची मुलगी होती. माझं आडनाव ऐकून मराठीत बोलली तेव्हा जिवात जीव आला. तिला म्हटलं, हे कर्ज तर विम्यातून फिटलं, मग माणसं कशाला पाठवता? तिनं संगणकात बघितलं. म्हणाली, “काकू, विम्याचं इथे कुणी काही मागितलेलंच नाही. धैर्यशीलदादा गेल्याची नोंदसुद्धा नाही. आणि हप्ते तर सगळे येत होते. मे नि जूनचेच तेवढे राहिलेत.”

मी म्हटलं, कोण भरतंय?

“ते आम्हालाही कळत नाही. सहकर्जदार कांचनताईंच्या खात्यातून येत नाहीत. कुणी शलाका जगताप पाठवतात, दर महिन्याला, न चुकता. सिस्टीममध्ये बाहेरची व्यक्ती म्हणून दिसतंय. कोण आहेत त्या?”

म्हटलं, माझी सून.

“मग कांचन?”

तीही.

“दोन सुना आहेत?”

अगं, मुलगा एकच होता माझा, दोन सुना कुठून आणू? असं बोलले आणि तिथेच खुर्चीत बसून रडले. हो, रडले. बँकेत, एसीत, सगळ्या गुजराती शेठांसमोर. प्राचीनं पाणी दिलं. मागचा माणूस म्हणाला, “बा, टोकन नंबर?” त्यालाही एक सुनावली.

कांचन, कुणासाठी भरत होतीस तू? धैर्यशील नाही. तू इथे राहत नाहीस, मिताली राहत नाही. या घरात मी एकटी राहते. मी झोपाळ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की सून टाकून गेली, आणि तू तिकडून माझ्या डोक्यावरचं छप्पर भरत होतीस. मला कळवावंसं वाटलं नाही? सांगितलं असतंस तर मी तेव्हाच म्हटलं असतं, अगं थांब, विमा आहे. तुला विमा ठाऊक नव्हता, मला हप्ते ठाऊक नव्हते. आपण अबोला धरला आणि बँकेचं फावलं.

मे-जूनचे का राहिले? तुला बरं नाही का? या पत्राला तरी उत्तर दे.

सुहासिनी मोहिते


कारेलीबाग, बडोदे
१२ ऑगस्ट २०२५

चि. कांचन हिस,

तुझं उत्तर नाही, पण मितालीचा फोन आला. तुझ्या आईच्या मोबाईलवरून, हळू आवाजात. “आजी, आईची शाळेतली नोकरी एप्रिलमध्ये सुटली, आता ती घरी शिकवण्या घेते. तुला सांगू नको म्हणाली.” पोर अकराची झाली आणि आवाज अगदी बापाचा. तिला रागावू नकोस, मी तिचं नाव सांगितलं असं म्हणू नकोस.

आता एक पैसाही पाठवायचा नाही. शिकवण्यांचे पैसे पोरीच्या पोटात जाऊ देत. पुढचं मी बघते. हसू नकोस.

खालच्या मजल्यावरचे गणपतराव आठवतात ना? ह्यांच्याबरोबर कोयलीच्या रिफायनरीत होते, युनियनचे पुढारी, दर वाक्याला टेबलावर मूठ आपटणारे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या अंगात जुना पुढारीच संचारला! म्हणाले, “वहिनी, रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. वसुलीवाल्यांनी संध्याकाळी सातनंतर यायचं नाही, फोन करायचा नाही, दमदाटी तर मुळीच नाही. कर्जदार गेला की वारसांचं काम कसं मार्गी लावायचं, ती रीत बँकेनं जाहीर करून ठेवायची असते. तक्रार द्या. महिन्याभरात नीट उत्तर आलं नाही तर बँकिंग लोकपालाकडे जाऊ. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही.”

तक्रार लिहिली. त्यांनी मजकूर सांगितला, मी मोत्यासारख्या अक्षरात उतरवला. त्यांचं ‘भांडवलदारी षड्‌यंत्र’ तेवढं मी गाळलं.

परवा ते दोघे पुन्हा आले, साडेसातला. मी झोपाळ्यावरून उठलेसुद्धा नाही. म्हटलं, भाई, घड्याळ आहे का? सात वाजून गेले. रिझर्व्ह बँकेचा नियम वाचून दाखवू का बसून चहा घेता? मावावाला चाचरला, “बा, अमे तो नोकरी करीए छीए.” म्हटलं, मग नोकरी दिवसा करा. तुमच्या आईच्या दारात असं कुणी आलं तर चालेल? दोघं खाली मान घालून गेले. चारुलताबेन बाहेर येऊन टाळ्या वाजवत होत्या. त्यांनी कैरीच्या छुंद्याची बरणी दिलीये, मितालीसाठी वेगळी काढून ठेवली आहे.

एक काम तुझ्याकडे आहे. विम्यात तुझं नाव वारस म्हणून लावलंय, त्यामुळे मागणीच्या कागदावर तुझी सही लागेल. कागद सोबत पाठवते. रागावून का होईना, सही करून पाठव. घर वाचवायचं आहे, मला तू आवडतेस की नाही हा प्रश्न नंतरचा.

सुहासिनी मोहिते


बडोदे
२१ सप्टेंबर २०२५

चि.

नाव नंतर लिहीन. आधी काय झालं ते सांगते.

तुझं पाकीट मिळालं. सही केलेले कागद, मृत्यूचा दाखला, आधारची झेरॉक्स, सगळं टाचणी लावून. चिठ्ठी मात्र नाही, एक ओळसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते मला म्हणायचे, आता मला जोडीदारीण मिळाली.

कागद घेऊन बँकेत गेले. प्राचीनं वरच्या साहेबांना दाखवले. साहेब म्हणाले, “वारस कांचन मोहिते. आणि ही सही शलाकाची. आधारही शलाकाचं. कांचनबेननी सही लावो.” म्हटलं, अहो, तीच ही! साहेब म्हणाले, “बा, पुरावो?” कर्ज काढलं तेव्हा एजंटानं घरी बसून फॉर्म भरला होता. त्यानं सहकर्जदाराचं नाव विचारलं, मी आतून ओरडले, ‘कांचन घाला!’ तुझं जुनं पॅनकार्ड आणि एक प्रतिज्ञापत्र लावून त्यानं भागवलं, आणि ते प्रतिज्ञापत्र आता बँकेला सापडत नाही. मग तुझं बाकी सगळं तुझ्या नावानं होत गेलं. कागदावर दोन बायका तयार झाल्या, एक पैसे भरणारी आणि एक कधी अस्तित्वातच नसलेली.

साहेबांनी तोडगा सांगितला. तू तुझं प्रतिज्ञापत्र सांगलीहून दे, आणि ज्या घरात नाव बदललं तिथल्या कुणीतरी शपथेवर लिहून द्यावं की या दोघी एकच. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, धैर्यशील गेला. उरलं कोण? मीच.

कोर्टाजवळच्या नोटरीकडे गेले. गणपतराव बरोबर होते. नोटरीनं विचारलं, नाव बदलल्याची काही खूण? गॅझेट वगैरे? म्हटलं, आमच्याकडे गॅझेटात नाही बदलत, ताटात बदलतात. लग्नाचा अल्बम नेला होता. त्यातला तो फोटो काढून दाखवला. चांदीचं ताट, पसरलेले तांदूळ, धैर्यशीलच्या हातात अंगठी, आणि तांदळात ‘कांचन’.

हा फोटो मी शंभरदा पाहिला असेल. माझी नजर दर वेळी ताटावर. काल नोटरी टाइप करत होता, मला दुसरं काम नव्हतं, म्हणून तुझा चेहरा पाहिला. सगळे हसतायत, मी तर सर्वांत जास्त. तू हसत नाहीस. तू ताटाकडेही बघत नाहीस, धैर्यशीलकडे बघते आहेस, आणि तो ओशाळल्यासारखा तुझ्याकडे. तो तुला खोलीत शलाकाच म्हणायचा, हे तू बेसण्याच्या वेळी सांगितलंस तेव्हा मी म्हटलं होतं, खोटं बोलू नकोस. फोटोत बघितल्यावर वाटलं, म्हणत असणार. माझं लेकरू दाराआड हळूच तुला तुझं नाव परत देत असणार.



नोटरीनं वाचून दाखवलं, “हुं सोगंदपूर्वक जाहेर करुं छुं के कांचन नामनी कोई जुदी व्यक्ति नथी.” कांचन नावाची वेगळी कुणी नाही. त्याखाली मी सही केली, अक्षर सुवाच्य आहे.

उद्या घट बसतील. खाली गरब्याचे दिवे बांधतायत, आवाज तपासतायत, कान किटले आहेत. मिताली मागच्या वेळी चनियाचोळी घालून नाचली होती ती आता तिला होणार नाही. लहरीपुऱ्याच्या बाजारातून नवी आणून ठेवू का? माप कळव. मला नाही कळवायचं तर मितालीला कळवू दे.

सुहासिनी


कारेलीबाग, बडोदे
६ डिसेंबर २०२५

चि. शलाका,

अनेक आशीर्वाद.

घर कर्जातून सुटलं! काल प्राचीचा फोन आला, बिचारी माझ्याइतकीच आनंदली होती. विमा कंपनीनं आधी उशिराचं कारण काढलं होतं. गणपतरावांनी टेबलावर मूठ आपटून लोकपालाकडे तक्रार टाकली, मग सगळ्यांनाच एकाएकी घाई झाली. धैर्यशील गेला त्या दिवशी जेवढं कर्ज होतं ते विम्यानं फेडलं. त्यानंतर तू भरलेले हप्ते तुझ्या खात्यात परत येतील. ‘बाहेरची व्यक्ती शलाका जगताप’ हिच्या खात्यात. आले की बघून घे, कमी आले तर मला सांग, मी आहे आणि गणपतराव आहेत.

आता घराचे अस्सल कागद. नियम असा की कर्ज फिटलं की तीस दिवसांत बँकेनं ते परत द्यायचे, पुढे उशीर झाला तर रोजची भरपाई बँकेच्या माथी. म्हणून तेही लगबगीत आहेत. साहेबांनी विचारलं, वारस तिघी, तुम्ही, सून आणि नात, कागद कुणाच्या हाती द्यायचे? मी तिथल्या तिथे लिहून दिलं की सूनबाई शलाका धैर्यशील मोहिते हिच्या हाती द्यावेत, माझी हरकत नाही. साहेब म्हणाले, बा, विचार करून घ्या, उतारवय आहे, कागद आपल्या हाती असलेले बरे. म्हटलं, साहेब, चौदा महिने हे घर तिच्या हातात होतं, मला पत्तासुद्धा लागू दिला नाही तिनं. आणखी कसला विचार करू?

तर कागद घ्यायला तुला एकदा यावं लागेल, पोच म्हणून सही करायला. कांचनची सही नको, तुझी. बँकेत तुझं नाव आता नीट लागलं आहे, मी स्वतः बघून आले.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. तू सही करून त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीत बसू शकतेस. तिकीट मी काढून देईन. मनात काही ठेवणार नाही. म्हणजे ठेवीन, पण बोलणार नाही. आता हप्ता नाही, बँक नाही, दारात कुणी येणार नाही. या घराशी तुला बांधून ठेवणारं काही उरलं नाही आणि मला सांभाळण्याची सक्ती तर कधी नव्हतीच. इतके दिवस मला विचारता येत नव्हतं, कारण घर जायच्या भीतीनं बोलावतेय असं तुला वाटलं असतं. आज घर शाबूत आहे, माझ्या पोटापुरतं मला मिळतं, म्हणून विचारते. राहशील का?

कारेलीबागेत शाळांना काय कमी आहे? चारुलताबेनची भाची एका शाळेत मुख्याध्यापिका आहे, गणिताची बाई शोधतायत. मी काही बोलले नाही. फक्त विचारलं. बरं, थोडं बोलले.

आणखी एक. तू गेलीस त्या दिवशी मी पोळ्या लाटत नव्हते. कणीकही मळलेली नव्हती. दाराच्या फटीतून बघत होते, तू वळून बघतेस का म्हणून. तू बघितलंस. जिन्याच्या वळणावर थांबून बघितलंस. मी आत सरकले.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. मितालीला सांग, शेव-उसळ खायला नेईन, पण तिखट झालं म्हणून रडायचं नाही. चनियाचोळी अंदाजानं आणली आहे, मोठी होईल, पुढच्या वर्षीही चालेल.

आणि शलाका, तेरा वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. घाईत, रागात, झोपेत माझ्या तोंडून कांचन निघेल. तेव्हा ओ देऊ नकोस.

आई